चाळीसच्या खाली

काशिनाथांनी खुर्ची ओढून टेबलाच्या पलीकडे नेली, चष्मा नाकावर बसवला आणि सहा वर्षांच्या नातीला परक्या आवाजात विचारलं,

"नाव काय तुझं?"

"गौरजा यज्ञेश परब."

"कितवीत आहेस?"

"पयलीत."

"पहिलीत म्हणायचं. बरं, चालता येतं का तुला?"

गौरजा सोनलच्या मांडीवर बसली होती. प्रश्न ऐकताच तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि ती खाली घसरू लागली. पाय जमिनीला लागायच्या आत काशिनाथांनी टेबलावर बोट आपटलं.

"उठा नको. बस गो बाय. असा इचारल्यार काय म्हणूचा?"

"आईक विचारा."

"'आईला विचारा.' तेवढाच. पुढे एक शब्द नाय."

सोनलने मुलीला पुन्हा नीट मांडीवर घेतलं. गौरजाचे पाय ताठ झाले होते. मनाविरुद्ध थांबावं लागलं की ते तसे व्हायचे आणि मग पोटऱ्या चोळून सैल कराव्या लागायच्या. सोनल चोळत राहिली. सासऱ्यांकडे बघायचं तिने टाळलं.

"अण्णा, ह्या खोटा नाय होणार?" तिने विचारलं.

"खोटा खंय?" काशिनाथांनी चष्मा काढला. "चौतीस वर्षांत एक खोटो कागद माझ्या हातसून गेलो नाय. इचारलेला तेवढा सांगूचा. इचारूक नाय ता सांगूचा नाय. ह्याका खोटा म्हणत नाय कोण."

काशिनाथ जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली होती. मसुऱ्यात अजूनही कोणाचं पेन्शन अडलं, वारसाची नोंद रखडली, की माणूस त्यांच्या ओटीवर येऊन बसायचा. ते अर्ज लिहून द्यायचे, कोणत्या टेबलाला जायचं ते सांगायचे आणि चहा पाजून वाटेला लावायचे.

पण गेल्या तीन वर्षांत त्यांनी जी फाईल सांभाळली होती ती घरातली होती. गौरजा सातव्या महिन्यात जन्मली. सोनल गावाजवळच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपून ती शाळेत हजर झाली त्या दिवशी गौरजा मान धरत नव्हती. दीड वर्षाची झाली तरी बसत नव्हती. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी हे नाव सांगितलं. डोकं चांगलं आहे, पाय आखडलेत, रोज व्यायाम करून घ्यावा लागेल, असं म्हणाले. यज्ञेश गोव्यात एका कारखान्यात कंत्राटावर होता, शनिवारी रात्री यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. रोज म्हणजे कोणी, हा प्रश्न सोनलने मोठ्याने विचारला नव्हता. त्यामुळे त्याचं उत्तरही कोणी दिलं नव्हतं.

उत्तर काशिनाथांनी आणलं. दिव्यांग मूल असलेल्या कर्मचारी आईला सबंध नोकरीत मिळून दोन वर्षांपर्यंत पगारी रजा घेता येते, टप्प्याटप्प्याने घेता येते, मात्र दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या वर असल्याचा दाखला हवा. हा शासन निर्णय त्यांनी कुठूनसा मिळवला, त्यातल्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि सोनलला घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. तिथे आधी सांगण्यात आलं की अशी रजा आपल्याकडे आजवर कोणी घेतलेली नाही. काशिनाथ म्हणाले, "मग ही पहिली." अर्जाला चार महिने लागले. या चार महिन्यांत ते सोळा वेळा त्या कार्यालयात गेले. आवाज एकदाही चढवला नाही. रजा मंजूर झाली.

त्या रजेत सोनलने मुलीला उभं केलं. आठवड्यातून तीनदा कुडाळला फिजिओथेरपी आणि बाकीचे दिवस घरी. काशिनाथांनी घरापुढच्या खळ्यात पोफळीच्या दोन दांड्या गौरजाच्या कमरेच्या उंचीवर समांतर बांधून घेतल्या. त्या धरून ती सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घालायची. पडायची, रडायची, पुन्हा धरायची. रजेचे टप्पे संपत, सोनल शाळेत जाई, मग दांड्यांपाशी सासूबाई विमला उभ्या राहत. तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी गौरजाने दांड्या सोडल्या आणि पायरीपर्यंत सात पावलं टाकली, पंजांवर, तिरपी, हात पसरून. विमला तोंडावर पदर धरून रडल्या.

काशिनाथ त्या वेळी मालवणला बँकेत गेले होते. ते परतल्यावर गौरजाने पुन्हा चालून दाखवलं. त्यांनी ते उभ्या उभ्या पाहिलं, आत गेले आणि कपाटातून फाईल काढून दाखल्यावरची तारीख वाचू लागले. सोनलच्या मनाला ते फार लागलं होतं.

दाखल्याची मुदत संपत आली होती. तीन वर्षांपूर्वीचा तो दाखला बासष्ट टक्क्यांचा होता, पण तात्पुरता. आता फेरतपासणी होणार होती. आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली होती. टाचेमागची आखडलेली शीर शस्त्रक्रियेने सैल करायची, मग सहा आठवडे प्लास्टर, मग सहा महिने व्यायाम. ते सहा महिने नीट गेले तर मुलगी टाच टेकून चालेल, नाहीतर केलेलं वाया जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. विमलांचे गुडघे आता खाली बसू देत नव्हते. सोनलला रजा हवी होती आणि रजेला नवा दाखला हवा होता. शाळेतल्या एका बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मुलीला कडेवरच ने हां, आमच्या ओळखीतल्या एकाचा मुलगा डॉक्टरांसमोर धावत सुटला आणि टक्के गेले.

म्हणून बुधवारी सकाळी गौरजाला कडेवर घेऊन सोनल गावातल्या गुरुदासच्या रिक्षात बसली. शेजारी काशिनाथ, मांडीवर फाईल. ओरोसला पोचेपर्यंत त्यांनी दोनदा विचारलं,

"काय म्हणूचा?"

"आईला विचारा," गौरजा म्हणाली.

जिल्हा रुग्णालयात त्या दिवशी गर्दी होती. नंबर लागायला साडेबारा झाले. बाकावर बसून गौरजा कंटाळली, दोनदा म्हणाली माका खाली सोड, आणि दोन्ही वेळा सोनलने तिला हातात बिस्किट दिलं. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, एक पाय गुडघ्यापासून नसलेले, कुबड्या बाकाला टेकवून. ते गौरजाकडे बघून हसले. सोनलने उगाचच मुलीचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढला.

आत एक तरुण डॉक्टरबाई होत्या. सोबत एकच जण चालेल असं दारावरच्या शिपायाने सांगितलं, तेव्हा काशिनाथ उंबऱ्यातच थांबले. दार उघडंच होतं. डॉक्टरबाईंनी गौरजाला टेबलावर निजवलं, घोटे वाकवून पाहिले, गुडघ्यावर हलकेच हातोडी मारली, मांड्या फाकवून कोन मोजला आणि दर वेळी कागदावर काहीतरी टिपलं. त्यांचे हात सावकाश चालत होते. मग त्यांनी तिला उठवून बसवलं आणि विचारलं,

"काय ग, चालतेस का तू?"

गौरजाने आधी दाराकडे पाहिलं, मग डॉक्टरबाईंकडे.

"आईला विचारा," ती म्हणाली. शब्द अगदी स्पष्ट होते.

डॉक्टरबाईंनी सोनलकडे पाहिलं. "सांगा आई. उभी राहते?"

"धरून राहते."

"बसलेली स्वतः उठते?"

"काहीतरी धरावं लागतं."

यातलं काही खोटं नव्हतं. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती, आणि तो येऊ नये असंही तिला वाटत होतं. डॉक्टरबाईंनी मान खाली घातली आणि लिहिता लिहिता स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाल्या,

"म्हणजे, चालता येत नाही."

सोनल गप्प राहिली. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

"मॅडम," दारातून आवाज आला. "तसं लिहू नका."

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. काशिनाथ उंबऱ्याच्या आत आले होते. शिपायाने त्यांच्या दंडाला हात लावला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. फाईल त्यांनी छातीशी धरली होती.

"आपण कोण?"

"मुलीचा आजोबा. ती चालते."

"किती?"

"सात पावलं. कशालाही न धरता." त्यांनी घसा साफ केला. "तीन आठवडे झाले."

काशिनाथ वाकले आणि टेबलावर बसलेल्या नातीच्या चेहऱ्यासमोर चेहरा नेऊन म्हणाले,

"उतर गो बाय. चलान दाखव मॅडमांका."

गौरजाने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "तुमी म्हटलास उठा नको."

"आता मी म्हणतंय ऊठ."

सोनलने तिला खाली उतरवलं. डॉक्टरबाईंनी आपलं स्टूल मागे सारलं, पायाने कचऱ्याची टोपलीही सारली. टेबलापासून समोरच्या भिंतीपर्यंत मोकळी फरशी झाली. गौरजा टेबलाला टेकून उभी राहिली, हात पसरले आणि निघाली.

खळ्यातल्या सारवलेल्या जमिनीची तिला सवय होती. फरशी गुळगुळीत होती. पाचव्या पावलाला तिचा डावा पाय उजव्याला अडकला आणि ती हातांवर पडली. सोनल पुढे झाली. काशिनाथांनी हात आडवा धरला.

"रव," ते हळूच म्हणाले.

गौरजा खाली बघत होती. तिने एक हात उचलला, पुन्हा टेकला, ढुंगण वर केलं, थोडी डुलली. धरायला आसपास काहीच नव्हतं. मग कशी कोण जाणे, पण ती उठली. कशालाही न धरता ती याआधी कधी उठली नव्हती. सोनलला हे माहीत होतं, विमलांना माहीत होतं. काशिनाथांनाही माहीत असावं, कारण त्यांचा आडवा धरलेला हात तसाच हवेत राहिला. गौरजा आणखी सहा पावलं चालली, दोन्ही तळहात भिंतीवर आपटले आणि वळून बघायला गेली तेव्हा पुन्हा बसली. या वेळी हसत.

दारात बाहेरची दोन-तीन माणसं येऊन उभी होती. कुबड्यांवरचे ते गृहस्थ म्हणाले, "शाब्बास गो चेडवा."

"अकरा," काशिनाथ म्हणाले. ते डॉक्टरबाईंना सांगत होते, पण बघत होते भिंतीकडे. "पाच आणि सहा. अकरा झाली."

"मोजली मी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आधी लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली, शेजारी छोटी सही केली आणि खाली बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही. दाखला ऑनलाइन येईल, दोन-तीन आठवडे धरा, एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर गौरजाने विचारलं, "आजोबा, माझा उत्तर चुकला?"

"तुझा नाय," काशिनाथ म्हणाले. "माझा चुकला."

परतताना रिक्षात सोनलने गौरजाला मांडीवर आडवं घेतलं. गौरजा झोपली. दोन्ही बाजूंना काजूची झाडं मागे जात होती. सोनलला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी काशिनाथ आपणच बोलू लागले, रस्त्याकडे बघत.

"माका म्हायत आसा तुका काय वाटता ता. रजा गेली तर दोष माझो."

"तसा नाय अण्णा."

"आईक. मी जलमभर फायली बघलंय. माणूस मरता, बदलून जाता, फायलीतला वाक्य थंयच रवता. कोण काढीत नाय. माझ्या नातीच्या नावापुढे चालता येत नाही म्हणान लिवलेला," ते थांबले, "ता माझ्यान बघवूक नाय."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्म्याच्या काचा पुसत बसले. गुरुदासने आरशातून एकदा मागे पाहिलं आणि रिक्षा थोडी सावकाश घेतली.

घरी विमलांनी सगळं ऐकून घेतलं. इतके दिवस पोरीला तालीम तुम्हीच दिलीत आणि नाटक मोडलंत तेही तुम्हीच, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नंतर त्यांनी सोनलला स्वयंपाकघरात विचारलं, "खराच, आपणच उठली? काय धरूक नसताना?" सोनलने जमिनीवर हात टेकून गौरजा कशी उठली ते करून दाखवलं. विमलांनी ते दोनदा करून दाखवायला लावलं.

पुढचे अठरा दिवस घराने दाखल्याची वाट पाहिली. कोल्हापूरची तारीख जवळ येत होती. सोनलने बिनपगारी रजेचा अर्ज लिहून ठेवला आणि कोणाला दाखवला नाही. यज्ञेश शनिवारी आला तेव्हा म्हणाला, मीच काम सोडतो सहा महिने. पण सोडलेलं काम परत मिळणारं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. काशिनाथ मात्र सकाळी पोस्टात जायचे, तिथून न्हाव्याकडे, तिथून ग्रामपंचायतीत, आणि सगळीकडे अकरा पावलांची गोष्ट सांगायचे. तिसऱ्या दिवशी विमलांच्या कानावर ती परत आली तेव्हा पावलं पंधरा झाली होती. हा माणूस घरातलं काहीही बाहेर बोलत नाही, असा गावात त्यांचा लौकिक होता.

अठराव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सोनलच्या मोबाईलवर संदेश आला. ती वर्गातून बाहेर पडली, शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली आणि तिने दाखला उघडला. सेहेचाळीस टक्के. तात्पुरता, दोन वर्षं. तिने आकडा पुन्हा पाहिला, मग घरी फोन लावला. फोन काशिनाथांनी घेतला.

"सेहेचाळीस," ती म्हणाली.

त्यांना आधी रजा आठवेल असं तिला वाटलं होतं.

"म्हणजे सोळा उतरले," काशिनाथ म्हणाले. आणि मग आत कोणाला तरी मोठ्याने, "आयकलास? सोळा उतरले."

दुसऱ्या दिवशी ते दोघं तालुक्याच्या कार्यालयात गेले. रजेच्या टेबलावर जितेंद्र नावाचा तरुण कारकून होता, नुकताच लागलेला, कामाला चोख. काशिनाथांना तो ओळखत नव्हता. त्याने अर्ज वाचला, कोल्हापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, मग जुना आणि नवा असे दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही आकड्यांवर बोट फिरवलं.

"या वेळी होऊन जाईल मॅडम," तो सोनलला म्हणाला. मग आवाज खाली आणून, आपुलकीने, "पण टक्के बरेच कमी झालेत. आत्ताच सांगून ठेवतो. पुढच्या तपासणीला चाळीसच्या खाली गेले तर ही रजा मिळायची नाही. तेवढी काळजी घ्या."

सोनलने काशिनाथांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन.

"घेतोय ना," ते म्हणाले. "खाली जावेत म्हणूनच तर रजा मागतोय."

जितेंद्रला नीट कळलं नाही. तो दोघांकडे बघत राहिला. काशिनाथांनी अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली आणि त्यावर पोच द्यायला सांगितली.